नासधूस स्वस्त असेल तर बॅन करून काय होणार?

बडोद्याच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या खेळाचा एक छोटा फॅक्शन सर्व्हर, म्हणजे फॅक्शन नावाचे गट करून जमिनीसाठी लढण्याचे सामायिक जग, चालवायला घेतला असून त्यावर बडोदे, इंदूर आणि पुणे येथील साठएक मुले खेळतात. त्यांतील वीस जणांच्या एका फॅक्शनने अर्धा नकाशा बळकावला आहे. ही मंडळी पहाटे तीनच्या सुमारास, समोरचे कोणी ऑनलाइन नसताना, त्यांचे बेस (तळ) फोडतात. माल नेतात तो नेतातच, पण जाता जाता शेते उखडतात, घरांवर लाव्हा ओततात आणि नव्या खेळाडूला स्पॉनपासून (खेळात उतरण्याच्या जागेपासून) चार पावलेही पुढे जाऊ देत नाहीत. दोन लहान फॅक्शन कंटाळून सोडून गेली. जाब विचारला की उत्तर ठरलेले असते, ‘पीव्हीपी (खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याचा) सर्व्हर आहे, झेपत नसेल तर येऊ नका.’ त्यांना बॅन करावे की हा खेळाचाच भाग समजावा, आणि उरलेल्या लहान गटांना संघ म्हणून उभे कसे करावे, असे त्याचे विचारणे आहे.

इंदुरात मी असाच सर्व्हर बरीच वर्षे चालवत आलो आहे आणि त्याआधी स्नेहलतागंज भागात गेमिंग कॅफे सांभाळत होतो, त्यामुळे खेळाचे नाव बदलून हीच तक्रार ऐकण्याची मला सवय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. हल्ला करणे हा गुन्हा नाही आणि वीस जणांनी मिळून हल्ला करणे हाही नाही. पण ज्या हल्ल्यात हल्लेखोराचे काहीच पणाला लागत नाही आणि समोरच्याचे मात्र सगळे जाते, तो फार दिवस खेळ राहत नाही. म्हणून ती मुले स्वभावाने कशी आहेत याची चौकशी करण्याआधी तुमच्या सर्व्हरवर नासधूस किती स्वस्तात पडते याचा हिशेब मांडा. ती स्वस्तच ठेवून तुम्ही या वीस जणांना हाकलले, तर त्यांच्या जागी दुसरे वीस उभे राहायला फार वेळ लागणार नाही.

हे दुखणे माइनक्राफ्टपेक्षा जुने आहे. 1997 साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये गावाच्या वेशीबाहेर पडले की कोणीही कोणाला मारून लुटू शकत असे. पाच खून नोंदले गेले की खेळाडूचे नाव लाल होई आणि लाल नावाचा माणूस गावात दिसला की पहारेकरी त्याला जागच्या जागी ठार करत. तरीही रानात दबा धरून बसणाऱ्यांना त्याने फारसा फरक पडला नाही, कारण त्यांना गावात यायचेच नव्हते. शेवटी 2000 मध्ये कंपनीने त्या जगाची सरळ दुसरी प्रत काढली आणि एका प्रतीत संमतीशिवाय मारामारी बंद केली. बहुसंख्य खेळाडू तिकडे निघून गेले, आणि जुन्या जगात शिकाऱ्यांना एकमेकांखेरीज फारसे कोणी उरले नाही. खेळांचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते, त्यातही मारेकऱ्यांची संख्या वाढली की गप्पांसाठी येणारे आधी निघून जातात, हे निरीक्षण आहे. तुमच्याकडची दोन फॅक्शन गेली ती त्याच वाटेने.

याउलट 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशयानांच्या खेळाने काढलेला मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथे ‘सुरक्षित’ म्हटल्या जाणाऱ्या अवकाशातही तुमच्यावर गोळीबार होऊ शकतो, आणि कॉन्कॉर्ड नावाचे तेथले पोलीस तुम्हाला वाचवत नाहीत. ते येऊन हल्लेखोराचे जहाज नष्ट करतात. म्हणजे हल्ल्याला बंदी नाही, पण त्याचे भाडे ठरलेले आहे. मग हल्लेखोर आपल्या जहाजाची किंमत आणि समोरच्या जहाजातल्या मालाची किंमत यांची वजाबाकी करून पाहतो आणि नफा नसेल तर सहसा वाट सोडतो. ज्याला निव्वळ त्रासच द्यायचा आहे तो तोटा सोसूनही हल्ला करतो, हे खरे. पण तोटा सोसत रोज पहाटे तीनला उठणारे फार थोडे असतात.

तुमच्या सर्व्हरवर हे भाडे पॉवरच्या, म्हणजे जमीन राखण्याच्या ताकदीच्या, आकड्यांत ठरते, आणि तेथेच मोठी गफलत असते. फॅक्शन प्लगिनमध्ये (सर्व्हरला जोडायच्या प्रोग्रॅममध्ये) साधारणपणे प्रत्येक खेळाडूची कमाल पॉवर 10 असते. सोळा बाय सोळा ब्लॉकचा एक चंक क्लेम करायला, म्हणजे आपल्या नावावर करायला, 1 पॉवर लागते. मेल्यावर पॉवर घटते आणि वेळ जाईल तशी परत भरते. एकूण पॉवर क्लेम केलेल्या जमिनीपेक्षा खाली गेली की शत्रू तुमचे चंक ओव्हरक्लेम करू शकतो, म्हणजे स्वतःच्या नावावर ओढू शकतो. माणशी दहा, म्हणजे वरवर पाहता न्याय्य व्यवस्था. आता प्रत्यक्ष हिशेब पाहा. पाच जणांच्या गटाची पॉवर 50 आणि जमीन 45 चंक आहे असे समजू, आणि मृत्यूमागे 2 पॉवर जाते असे धरू. तीन मृत्यू झाले की पॉवर 44 होते आणि त्यांचा बेस उघडा पडतो. वीस जणांच्या गटाची पॉवर 200 आणि जमीन 120 चंक असेल, तर त्यांचा एक चंक उघडा पाडायला एक्केचाळीस मृत्यू लागतात, आणि तेही मधल्या वेळात पॉवर भरून न आल्यास. शिवाय वीस जणांची पॉवर भरते ती पाच जणांच्या चौपट वेगाने. म्हणजे माणसे चौपट असली तरी त्यांच्या अंगावरचे कवच चौदापटीने जाड आहे. एवढे अंतर कौशल्याने भरून निघत नाही, म्हणून लहान गटाला ‘नीट खेळायला शिका’ असा उपदेश करण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे यासाठी फॅक्शनची सदस्यसंख्या आठवर रोखलेली आहे आणि आठवडाभर न आलेल्या सदस्याची पॉवर हळूहळू उतरत जाते. वीस जण मग तीन फॅक्शन करून एकमेकांशी अलायन्स करतील, ही शंका बरोबर आहे; म्हणून प्रत्येकी एकच मित्र फॅक्शन ठेवा आणि मित्रांमधले नुकसान चालू ठेवा. स्वतःच्या फॅक्शनमध्ये ते बंदच असावे, नाहीतर गर्दीत फेकलेल्या प्रत्येक पोशनवरून घरातच भांडणे लागतात. मित्राच्या तलवारीने मित्र मरू शकतो म्हटल्यावर सोळा जणांची झुंबड नियंत्रणात ठेवणे अवघड जाते, आणि मोठ्या संख्येचा फायदा मोठ्या शिस्तीशिवाय मिळेनासा होतो. मला हेच हवे असते. ज्यांच्याकडे खरोखर शिस्त आहे त्यांनी जिंकावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पहाटेच्या हल्ल्यांसाठी वेगळी तजवीज लागेल. एखादे फॅक्शन पूर्ण ऑफलाइन असताना त्याच्या हद्दीत टीएनटी या स्फोटक ब्लॉकचा स्फोट होऊ न देण्याची सोय फॅक्शनच्या प्रचलित प्लगिनांत असते, ती चालू करा. मात्र ती चालू केली की दुसऱ्याच दिवशी हल्ला होताना दिसताच सगळे सदस्य झटकन लॉगआउट होऊन संरक्षण मिळवू लागतात. म्हणून शेवटचा सदस्य बाहेर पडल्यापासून किती मिनिटांनी फॅक्शन ऑफलाइन धरायचे, ते ठरवावे लागते. माझा अनुभव असा की ही मुदत चालू रेड (लुटीचा हल्ला) संपेल इतकी असावी, म्हणजे वीस ते तीस मिनिटे. शाळकरी मुले जास्त असतील तर याहून सोपा उपाय म्हणजे रेडची वेळच ठरवून देणे. आमच्याकडे ती संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा आहे, आणि गणपतीच्या दहा दिवसांत रेड बंदच असते, कारण निम्मी मुले मंडळाच्या मांडवात असतात आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांचे बेस लुटणे हा पराक्रम नव्हे.

आता नासधुशीबद्दल. येथे एक सीमारेषा आखून घ्या: पेटीपर्यंत पोहोचण्यासाठी जे फोडावे लागते ते रेडमध्ये येते, आणि माल घेतल्यानंतर जे मोडले जाते ते येत नाही. भिंतीला भगदाड पाडणे, पेट्या रिकाम्या करणे, स्पॉनर (राक्षस निपजवणारे ब्लॉक) नेणे हे सारे चालेल. परतताना शेत उखडणे, छतावर लाव्हा ओतणे, खांबांवर शिव्या लिहिणे हे चालणार नाही. ही रेषा नुसती नियमावलीत लिहून उपयोग नाही, ती तपासता आली पाहिजे, आणि त्यासाठी कोअरप्रोटेक्टसारखे नोंद ठेवणारे प्लगिन पहिल्या दिवसापासून हवे. ते नंतर बसवले तर आधीचे काही दिसत नाही. तक्रार आली की इन्स्पेक्ट चालू करून मोडलेल्या जागेवर क्लिक करा, कोणत्या आयडीने किती वेळापूर्वी कोणता ब्लॉक काढला हे ओळीने समोर येते. पेटीवर क्लिक केले तर कोणी काय काढले आणि काय ठेवले तेही दिसते. स्फोटाचे भगदाड आणि शेवटची रिकामी पेटी यांच्या वेळा पाहिल्या, की त्यानंतर मोडलेले सगळे एका बाजूला काढता येते. तेवढेच, त्याच आयडीपुरते आणि तेवढ्याच परिघात रोलबॅक करा, म्हणजे पूर्ववत करा. लुटलेला माल परत देऊ नका. माल परत मिळतो असे एकदा दिसले की रेडला अर्थ राहत नाही आणि तुमच्याकडे रोज रडगाण्यांची रांग लागते.

याचा परिणाम गमतीदार होतो. ज्या मुलाने अर्धा तास खपून लाव्हा ओतला, त्याचे काम तुम्ही दोन मिनिटांत पुसता आणि त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. शिक्षेपेक्षा हे फार लवकर लागू पडते, कारण शिक्षा झाली की निदान मित्रांत मिरवता तरी येते.

लहान गटांना संघ म्हणून उभे करण्याबाबत तुम्ही विचारले आहे. तेथे बहुतेक जण लढाईच्या सरावापासून सुरुवात करतात, पण माझ्या पाहण्यात लहान फॅक्शन लढाईत मोडण्याआधी आतून मोडतात. कोणाला तरी घाईने ऑफिसर केलेले असते, त्याला सगळ्या पेट्या उघड्या असतात, आणि एके दिवशी तो रागावून किंवा फितून सगळे घेऊन जातो. ‘ईव्ह’मध्ये 2009 च्या फेब्रुवारीत ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही त्या काळची बलाढ्य युती एका फितूर संचालकाने, त्याला असलेल्या अधिकारांच्या जोरावर, आतूनच विसर्जित करून टाकली; ज्यांना तोफांनी हरवता येत नव्हते त्यांचा प्रदेश असा हातचा गेला. तेव्हा नव्या सदस्याला रिक्रूट (सर्वांत खालच्या दर्जाचा) ठेवा, त्याला दार उघडता यावे पण पेटी नाही. किमती माल दोन ठिकाणी ठेवा आणि दुसरी जागा फक्त दोघांना माहीत असू द्या. क्लेम सोडण्याचा अधिकार नेत्याखेरीज कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालासुद्धा. हे मुलांना अविश्वासाचे वाटते, पण अधिकार कमी असला की भांडण झाले तरी नुकसान कमी होते आणि चार दिवसांनी पुन्हा एकत्र खेळता येते. फितुरीची शिक्षा मात्र ॲडमिनने करू नये. ज्याने ज्याला आत घेतले त्याने ते निस्तरावे.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आमच्या इंदुरी मुलांची व्हॉइस चॅट ऐकली तर पाच जण एकाच वेळी ‘अरे भिया, इधर आ रे, मार मार’ असे ओरडत असतात, आणि इकडे म्हणजे कुठे हे त्या ओरडणाऱ्यालाही सांगता येत नाही. लढाईत बोलणारा एकच हवा, आणि त्याच्या वाक्यात जागा, संख्या आणि अवस्था एवढेच हवे: ‘पुलावर दोघे, डावा अर्ध्यावर, डाव्याला घ्या.’ बाकीच्यांनी फक्त आपण मागे हटतोय तेवढे सांगायचे. चौघांनी एकाच माणसावर रोख धरला तर समोरच्या सहांचे पाच व्हायला वेळ लागत नाही, आणि पुढची लढाई चार विरुद्ध पाच अशी होते. हा सराव मोकळ्या मैदानात करू नका. दोन ब्लॉक रुंदीच्या बोळात करा, जेथे समोरच्या सहांपैकी दोघांनाच एका वेळी पुढे येता येते. 2016 मध्ये आलेल्या माइनक्राफ्टच्या 1.9 आवृत्तीपासून प्रत्येक वारामागे थोडे थांबावे लागते, त्यामुळे अशा बोळात वार साधून मारणारा नवशिकाही टिकतो; त्याआधीच्या 1.8 वर मात्र जलद क्लिक करणाऱ्याचे राज्य असते, आणि तुमचा सर्व्हर 1.8 वर असेल तर लहान गटांवर आणखी एक ओझे आहे हे ध्यानात ठेवा.

बचावासाठी प्रत्येकाला काम नेमून द्यावे. पाण्यातला टीएनटी भिंत फोडत नाही आणि ऑब्सिडियन हा कठीण दगड टीएनटीला दाद देत नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण समोरच्यांची टीएनटी फेकणारी तोफ सुरू झाल्यावर फुटलेला थर आतून पुन्हा भरत राहणारा एक माणूस हवा, हे कोणी लक्षात घेत नाही. चांगला लढवय्या हे काम घेत नाही, कारण त्यात नाव नाही. ज्याला लढता येत नाही पण जो चिकाटीने बसतो अशा मुलाला ते द्या. आमच्याकडे एका लहान फॅक्शनने तीन तासांची रेड अशाच एका शाळकरी मुलाच्या जोरावर परतवली, आणि समोरच्यांचा टीएनटी संपला.

सूड हा सगळ्यांत खर्चिक प्रकार असतो, आणि इंदूरकरांना हे इतिहासातून तरी कळायला हवे: 1801 च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. लहान गटांना तुम्ही एकत्र आणाल तेव्हा पहिली मोहीम मोठ्या गटाच्या मुख्य बेसवर नेऊ नका. कडेचे चार चंक उघडे पाडणे, स्पॉनजवळची त्यांची चौकी उठवणे, एवढे पुरे. हरण्याची सवय लागलेल्या मुलांना एक छोटा विजय लागतो, आणि मोठ्या गटालाही आपली हद्द राखायला रात्रीची झोप मोडण्यापलीकडे काही मोजावे लागते हे कळते.

ज्यासाठी थेट बॅनच हवा अशा गोष्टी थोड्या आहेत आणि त्यांवर चर्चा नको. सर्व्हर मुद्दाम लॅग (संथ) करणारी रेडस्टोन यंत्रे (रेडस्टोन म्हणजे खेळातली वीज) त्यांत पहिली. सर्व्हर सेकंदाला वीस टिक (ठोके) चालतो, तो आकडा पाडून जिंकणे हे समोरच्याशी खेळणेच नव्हे. हॅक क्लायंट, म्हणजे फसवणुकीसाठी बदललेला प्रोग्रॅम, दुसरे. तिसरे, मुलींना व्हॉइस चॅटवर छळणे, जातीवरून शिव्या देणे, कोणाचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता चॅटमध्ये टाकणे. ‘खेळात चालतं’ हा बचाव येथे ऐकूनही घेऊ नका. पत्ता टाकणे किंवा धमकी असा प्रकार असेल तर नोंदी जपून ठेवा आणि पालकांना राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायला सांगा. मात्र आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) बॅन करताना सांभाळा. मोबाईल डेटावर एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक असतात, आणि वसतिगृहात तर सगळी खोली एकाच वायफायवर असते. एका मुलासाठी पाच जण बाहेर राहतात. बनावट आयडींनी पॉवर फुगवण्याबाबतही हेच. एकाच घरातले दोघे भाऊ आणि एकाच मुलाचे दोन आयडी यांतला फरक आयपीवरून कळत नाही, तो दोघांना एकाच वेळी व्हॉइसवर बोलवून कळतो.

निवाडा मतदानाने करण्याचा मोह आवरावा. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या ऑनलाइन खेळाने 2011 मध्ये ट्रायब्युनल नावाची पद्धत आणली होती, तीत खेळाडूच नोंदी वाचून शिक्षा की माफी असे मत देत, 2014 मध्ये ती बंद झाली. त्यांच्याकडे मत देणारे अनोळखी असत, तरी ही पद्धत टिकली नाही. साठ जणांच्या सर्व्हरवर तर प्रत्येक मत हे एखाद्या फॅक्शनचे मत असते, आणि वीस मते कोणाकडे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. निवाडा तुम्ही आणि कोणत्याही फॅक्शनमध्ये नसलेला आणखी एक जण, असा दोघांनी करावा. तुम्ही स्वतः खेळत असाल तर वेगळ्या आयडीने, ॲडमिनच्या अधिकारांशिवाय खेळा, आणि तो आयडी सगळ्यांना माहीत असू द्या. सर्व्हरचा खर्च निघावा म्हणून पॉवर, चिलखत किंवा टीएनटी विकू नका. 2014 पासून माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीच्या अटींनुसार खेळात फायदा देणारी वस्तू पैसे घेऊन विकता येत नाही, आणि समजा येत असती तरी विकत घेतलेली ताकद पाहिल्यावर तुमच्या नियमांवर कोणी विश्वास ठेवला नसता.

हे बदल चालू नकाशावर एकदम लादू नका. तसे केलेत तर त्या वीस जणांनी जुन्या नियमांनी मिळवलेले तुम्ही हिसकावून घेतले असे होईल, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे असणार नाही. रेडची वेळ, ऑफलाइन संरक्षण आणि स्पॉनभोवतीची सेफझोन एवढे आजच लागू करा. सदस्यसंख्येची मर्यादा आणि अलायन्सचा नियम नव्या नकाशापासून लागू होईल असे तारखेसह जाहीर करा, आणि निदान तीन आठवडे आधी करा. त्या गटाचा नेता तुमच्याकडे येईल. त्याला तीन मृत्यू आणि एक्केचाळीस मृत्यूंचा हिशेब कागदावर दाखवा. अशा गटांचे नेते सहसा मूर्ख नसतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना समोर कोणी न उरल्याचा कंटाळा आलेला असतो. नव्या नकाशावर त्या वीस जणांचे तीन गट पडतील तेव्हा कोण कोणाकडे जातो ते पाहा. जुने हेवेदावे बाहेर येतात ते त्याच वेळी, आणि तुमच्या लहान फॅक्शनना अनुभवी सदस्य मिळण्याची वेळही तीच असते.